इलाचं दुसरं उष्टावण

नाई, मले एक सांगा... चार वर्षाच्या पोरीचं उष्टावण दुसऱ्यांदा करते का कोणी? लग्न दुसऱ्यांदा करते लोक, समजू शकतो. बारावी दुसऱ्यांदा देते, माह्या वर्गातले काही तं दर मार्चमध्ये पेन घेऊन तयारच असते. पण उष्टावण? उष्टावण म्हणजे काय, तं सहा महिन्याचं लेकरू, दात नाई काई नाई, मामानं त्याले मांडीवर घ्यायचं, चांदीच्या वाटीतली खीर ओठाले लावायची, लेकरानं तोंड वाकडं करायचं, बायांनी हसायचं, खतम! पहिलं अन्न पोटात गेलं. आता पहिलं ते एकदाच पहिलं असते न बापा? चार वर्ष वरण, भात, पोळी, बिस्किटं, मधात अंगणातली माती, सगळं खाऊन झाल्यावर पहिला घास आणता कुठून तुमी? पण आमच्या घरच्यांनी आणला! पंगत घालून आणला! आणि मामा भी बदलला... मी जिवंत असताना.

मी काई बोललो नाई.

तुमाले सांगतो, सुरुवातीपासून सांगतो, नाईतर तुमाले वाटन पोट्टा उगाच बोंबलून राह्यला. मी ऋतिक. तळेगावले बाबाचं कृषी केंद्र आहे, खत, बियाणं, फवारणीची औषधं. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष मी अर्ध्यातून सोडलं आणि आता त्या दुकानाच्या काउंटरवर बसतो. काऊन सोडलं ते मले नोका विचारू, युरिया घ्यायले येणाऱ्या प्रत्येक माणसाले माहा बाप स्वतःहून सांगते, "हा आमचा मुलगा, इंजिनिअर होणार होता," आणि मग पोतं माह्या पाठीवर देते. पहिले राग यायचा. आता राग येते, इकडंतिकडं पाह्यते, बसायले जागा दिसत नाई, निघून जाते.

माही बहीण जयाताई सावंगीले नर्स आहे, तिकडंच खोली करून राह्यते. जावईबापू निकेश पुण्याले कंपनीत. हिच्या रात्रपाळ्या, त्याच्या शिफ्टा, लेकरू कोण सांभाळन? म्हणून इला आमच्याकडं. ताईले सुट्टी मिळाली का ती येते, पोरीचा मुका घेते, जाते. म्हणजे पोरगी ताईची, नाव निकेशचं, अन् पोट मात्र पूर्णपणे आमच्या आईच्या ताब्यात!

माही आई, जयवंताबाई. तिचा जगातल्या कोणत्याच पोटावर भरोसा नाई. 'पोट भरलं' हे वाक्य तिनं जन्मात खरं मानलं नाई. पाहुणा म्हणाला तं तो लाजून राह्यला, नवरा म्हणाला तं भाजीत काईतरी कमी पडलं, मी म्हणालो तं मी बाहेर तर्री-पोहे हाणून आलो... आणि लेकरू म्हणालं तं? लेकराले काय समजते! इला म्हणते, "आजी, झालं माहं." आई तिच्या पोटावर दोन बोटं ठेवून दाबते, बाजारात टरबूज पाह्यते न, तसं, अन् म्हणते, "कुठी झालं? हे पाह्य, अजून केवढी जागा आहे!" अवं, जागा आहे तं काय... भाड्यानं द्यायची आहे का?

आणि मग निघते मोर्चा. पुढं पोरगी, मागं आई ताट घेऊन, बाजूनं बाबा मोबाईलवर कार्टून धरून, ओसरी, अंगण, मोरी, परत ओसरी. "हा चिऊचा घास... हा काऊचा... हा आबाजीचा... हा आईचा, आई तिकडं ड्युटीवर उपाशी आहे वं, तिच्या नावानं खाय... हा पप्पाचा, पप्पा पुण्यात रडून राह्यला..." पप्पा पुण्यात मिसळ खाऊन राह्यला असन, पण ते जाऊ द्या! जितके जिवंत, जितके मेलेले, सगळे नातेवाईक त्या पोरीच्या तोंडातून जेवून जाते. अन् मधात मधात, "हा शेवटचा हं!" मग "हा शेवटून शेवटचा!" मग "हा देवाचा!" आता देवाचा झाला म्हणजे संपलं न? नाई! देवाचा खाल्ला म्हणून राक्षसाले राग आला, आता राक्षसाचा! एक दिवस ती पोरगी, सगळ्यांचे घास गालात धरलेले, गाल असे लाडवासारखे फुगलेले, तशीच बोबडं बोबडं विचारते, "आजी... माहा कोंता?"

मी दारात चप्पल काढत होतो. एक पायात, एक हातात, तसाच थांबलो. म्हटलं, आता आई काय म्हणन?

आई म्हणे, "सगळे तुहेच आहेत. आ कर."

मी काई बोललो नाई. बोललो असतो तं आमच्या घरी उत्तर भिजवूनच ठेवलेलं असते... "तुले काय समजते लेकरातलं? आधी सोताचं पाह्य."

बाबाचं शास्त्र आणखी वेगळं. खताच्या धंद्यातला माणूस. म्हणते, "हे पाह्य, संत्र्याचं झाड मांगते का खत? मांगत नाई. आपण बुडाशी टाकतो, ते घेते." म्हणून पोरीच्या तोंडाशी न्यायचं, ती घेईन. नाई घेतलं तं धमकी, "खाजो, नाईतर दुकानात उंदरायच्या कोपऱ्यात बसवून येतो." धमकीनं नाई झालं तं लालूच, "पोळी खाल्ली तं चॉकलेट." म्हणजे पोळी हा दंड आणि चॉकलेट हे बक्षीस! रोज दोन टाइम पोरीले हेच शिकवायचं, अन् मग शेजारीपाजारी रडत फिरायचं, "आमच्या इलाले जेवण आवडतच नाई बाई, नुसतं चॉकलेट पाह्यजे." कसं आवडन? तुमाले कोणी दंड आवडून घ्या म्हटलं तं घ्यान का तुमी?

झालं काय, का ती पोरगी गिळायचंच विसरली. घास गालात धरून ठेवायची. धरून झोपायची भी. आणि मग असं झालं, का सैपाकघरातून नुसता ताटाचा आवाज आला का इला दिवाणाखाली! चार वर्षाचं लेकरू, गल्लीतल्या कुत्र्याचं शेपूट ओढते, पालीले 'ये इकडं' म्हणते, ते ताटाले भेते. स्टीलच्या ताटाले! आणि तिले पायाले धरून बाहेर ओढते कोण? जेवू घालणारेच. प्रेमानं!

ताईनं एका सुट्टीत तिले सावंगीले नेऊन लेकरांच्या डॉक्टरले दाखवलं. मी भी गेलतो, गाडी चालवायले. डॉक्टरनं वजन पाह्यलं, उंची पाह्यली, डोळे, जीभ, नखं, सगळं पाह्यलं, अन् म्हणे, "मुलगी ठणठणीत आहे. तुम्ही फक्त एक करा. ताटात काय वाढायचं आणि कधी वाढायचं, ते तुम्ही ठरवा. किती खायचं, ते तिला ठरवू द्या. नाही खाल्लं तर ताट उचला. रागवू नका, फूस लावू नका, कौतुकसुद्धा करू नका. पुढच्या जेवणाला भूक येतेच." बस. गोळी नाई, टॉनिक नाई, काईच नाई! ताई वापस येताना गाडीत रडाले लागली. म्हटलं, "अवं, पोरगी चांगली आहे म्हणते न तो, तू काऊन रडून राह्यली?"

म्हणे, "मले माहीत होतं रे हे. वार्डात बाकीच्या बायांले मीच सांगतो दिवसभर."

"मग घरी काऊन नाई सांगत?"

"घरी मी नर्स नाई, ऋतिक. घरी मी पोरगी आहो. अन् लेकरू ते सांभाळते, कोणत्या तोंडानं सांगू?"

तरी सांगितलं तिनं. चहा पेता पेता, हळूच, जशी काई आपलीच चूक आहे. आईचं पहिलं वाक्य काय असन? "औषध नाई दिलं? मंग कायचा डॉक्टर!" बाबा म्हणे, "वय काय त्याचं?" ताई म्हणे, असन पस्तीस. "हां..." बाबानं बशी खाली ठेवली, "पोट्टं आहे अजून." आई म्हणे, "लेकराले ठरवू द्या म्हणे! आज जेवण ठरवन, उद्या शाळेत जायचं का नाई ते ठरवन, परवा कॉलेज..." अन् दोघंही एकदम माह्याकडं पाह्यते! अबे, पोट पोरीचं, डॉक्टर सावंगीचा, गोष्ट वरणभाताची, अन् फिरून फिरून येऊन थांबते माह्या इंजिनिअरिंगवर!

मी काई बोललो नाई. बिस्कीट चहात पडलं होतं, ते काढत होतो.

आणि मग आली सुलोचना आत्या. बाबाची मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून राह्यते. गावात कोणाच्याही घरी काई बिघडलं, लेकरू, लग्न, मिक्सर, का आत्या निदान करायले हजर. आली, चहा पेली, इलाले दिवाणाखालून ओढून काढलं, गाल दाबून पाह्यले, जीभ पाह्यली, डॉक्टरनं पाह्यलं तेवढं सगळं पाह्यलं, आणि खुर्चीत टेकून विचारते, "जयवंता... हिचं उष्टावण कोणाच्या हातचं वं?"

आई म्हणे, "कोणाच्या म्हणजे? मामाच्या. ऋतिकच्या."

आत्यानं डोळे मिटले. असे मिटले, जसा एक्स-रेच दिसून राह्यला आतमधून. "तेच तं! पहिला घास ज्याच्या हातचा, त्याचा गुण लागते लेकराले. आता यानं काय केलं? कॉलेज अर्धवट. जिम लावली, अर्धवट. पोहणं शिकाले गेला, विहिरीच्या अर्ध्या पायऱ्या उतरून वापस आला. अन् पोरगी काय करून राह्यली? ताट अर्धवट!"

तुमाले खोटं वाटन, पण पटलं त्यांले! माहा बाप, जो औषधाच्या प्रत्येक बाटलीवरची तारीख चष्मा पुसून पुसून वाचते, कंपनीच्या एजंटाले उभ्याउभ्या घाम फोडते, तो बाप म्हणे, "हे माह्या ध्यानात काऊन नाई आलं?"

अन् गंमत पाहा! उष्टावण केलं तेव्हा मी इंजिनिअरिंगले नुकता लागलो होतो. तेव्हा हाच हात सोन्याचा होता! 'इंजिनिअर मामाच्या हातचं उष्टावण' म्हणून आईनं फोटो मोठा करून आणला होता, लेकरू त्यात अर्धं दिसते, मी पूर्ण दिसतो. आता हात तोच आहे. बोटं भी तेवढीच आहेत, मोजली मी. पण तेव्हाची खीर आता मागून नासली!

मी काई बोललो नाई.

उपाय काय, तं दुसऱ्या मामाच्या हातानं पुन्हा उष्टवा. पण मले भाऊ नाई, दुसरा मामा आणायचा कुठून? तं आत्यानं पदर सावरला, छताकडं पाह्यलं, जसं आत्ताच आठवलं, "अवं... आपला प्रफुल आहे न!" प्रफुल कोण? आत्याचाच मुलगा! रोग आत्यानं काढला आणि औषध आत्याच्याच घरचं निघालं! प्रफुलदादा बँकेत क्लार्क आहे, परमनंट. आणि एक मानतो मी, त्या माणसानं जन्मात काई अर्धवट सोडलं नाई. पोहे खाल्ले तं बशी धुवायचं काम नाई.

ताईले फोन लावला. ती म्हणे, "काईतरीच काय आई! डॉक्टरनं काय सांगितलं, अन् तुमी..." आई म्हणे, "मंग तूच ने न तुही पोरगी. अन् तूच सांभाळ." मग ताई म्हणे, "रविवारी करा. मी येतो." घ्या! मंजूर!

रविवार. दारी मांडव, चाळीस-पन्नास माणूस, आचारी, पंगतीचा बेत. भटजी आले बंडोपंत, पाटावर बसले, पोथी सोडली, इकडंतिकडं पाह्यलं अन् म्हणे, "रूपराव, बाळ आणा."

बाबा म्हणे, "हे काय, हे उभं आहे."

इला समोरच उभी, जरीचा फ्रॉक, फुगा हातात. बंडोपंतांनी तिच्याकडं पाह्यलं, तिनं बंडोपंतांकडं पाह्यलं. "अहो... ही तर चालते!"

"बोलते भी," बाबा म्हणे. छाती काढून!

"मग हिला मी कोणता मंत्र म्हणू?"

"तोच म्हणा न. जरा वाढवून म्हणा."

वाढवून! पोरगी वाढली म्हणून मंत्र वाढवून! शिलाई उसवून मोठा करायचा फ्रॉक आहे का तो? पण बंडोपंतांनी म्हटला. सगळेच म्हणते आमच्या घरी, जे सांगान ते.

प्रफुलदादा पांढरा नवा शर्ट घालून मांडी घालून बसला. इलाले मांडीवर घेतलं, तं तिचे पाय पाटाच्या पार, अर्धी मांडीवर अर्धी जमिनीवर. भोवती बाया, बायांच्या मागं माणसं, माणसांच्या वर मोबाईल. आणि मी? मी वरणाच्या गंजाजवळ, त्या मोठ्या पातेल्यापाशी, डाव घेऊन. मामाची जागा गेली, पण माणूस वाया जाऊ देत नाई आमच्याकडं.

पहिला घास. इलानं तोंड उघडलं. टाळ्या! दुसरा. उघडलं. टाळ्या! तिसऱ्याले आत्याच्या डोळ्यात पाणी, "पाहा वं, कशी खाऊन राह्यली! हाताचा गुण असते बाई!" प्रफुलदादा फुलला, चमचा सोडून सरळ वाटीच लावली त्यानं. आणि मले तिथून, गंजाच्या वाफेतून, तिचे गाल दिसून राह्यले होते. थेंब गिळला नव्हता पोरीनं. सगळे चमच्याकडं पाह्यत होते, मोबाईलमध्ये पाह्यत होते, लेकराकडं पाहाले माणूसच उरलं नव्हतं. आणि तुमाले सांगतो, त्या दिवशी मी बोललो! म्हटलं, "प्रफुलदादा, थांब! गिळलं नाई तिनं!"

बाबा मान न वळवता म्हणे, "तू वरण ढवळ. लागन खाली."

ढवळलं.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं, अन् मग काय... "गिळ बेटा, गिळ!" एक बाई, मग दोन, मग पूर्ण मांडव, "गिळ! गिळ! गिळ!" जशी कबड्डीची फायनल! पोट्टे शिट्ट्या मारून राह्यले. आत्या वाकली अन् म्हणे, "तोंड दाबून धर रे, जाते आत." आणि धरलं. आत्यानं सोताच धरलं.

खीर आत नाई गेली, बाहेर आली. सगळी! प्रफुलदादाचा पांढरा शर्ट, आत्याचा शालू, बंडोपंतांची पोथी, दोन मोबाईल. एक काजू कोणाच्या तरी चष्म्यावर. मी हसलो असतो हो... पण इलाकडं पाह्यलं. रडली नाई ती. एवढं होऊन रडली नाई. तोंड फ्रॉकले पुसलं, फुगा खाली ठेवला, माणसांच्या पायातून रस्ता काढला, अन् दिवाणाखाली जाऊन बसली. जसं काई आता ड्युटी संपली.

ताई रात्रपाळी करून सरळ बसनं आलती, झोपली भी नव्हती. पर्स ठेवली, जमिनीवर पालथी पडली, अन् दिवाणाखाली सरकली. नुसते पाय बाहेर दिसत होते. नर्सचे पांढरे बूट.

बाबा हात जोडून पाहुण्यांले म्हणे, "चला, पान वाढलं."

अन् बसली पंगत! बसली न! लोक म्हणते, "खीर मात्र मस्त झाली रूपराव."

मी तीन पंगती वाढल्या. सगळे गेल्यावर एक ताट घेतलं, मागच्या अंगणात धोंड्यावर जाऊन बसलो. भात, वरण, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. माह्या डोक्यात काईच नव्हतं, ना राग, ना दया, काईच. ट्यूबलाइट गेल्यावर नुसता घूं आवाज राह्यते न, तसं. जेवून राह्यलो होतो. बाजूले कोणीतरी येऊन बसलं. पाह्यलं तं इला.

आता इथं शहाणा मामा असता तं म्हटला असता, 'ये सोनू, एक घास खाते का?' मी नाई म्हटलं. ते डॉक्टरचं आठवलं म्हणून नाई, फुकटचं श्रेय घेत नाई मी. थकलो होतो. बोलायचा कंटाळा आला होता. मी आपला खात राह्यलो. तिनं जरा वेळ ताटाकडं पाह्यलं. ताट काई करत नव्हतं. मग हात घातला, एक वांग्याची फोड उचलली... वांगं! जे पाहून ती भिंतीवर चढते, ते वांगं! हुंगलं, चाटलं, वापस ठेवलं. परत उचललं. खाल्लं. मग भात. बोटं बोटं चाटून. मले आवाज आला हो... गिळायचा. गट्ट, असा. बऱ्याच दिवसानं.

मग म्हणे, "झालं माहं."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच. ती थोडा वेळ थांबली, माह्याकडं पाह्यत. तिले वाटलं असन अजून काईतरी येईन, चिऊ येईन, देव येईन, पुण्याहून पप्पा येईन. कोणीच नाई आलं. मग हात फ्रॉकले पुसून फुगा आणाले गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. तिसऱ्या दिवशी तिनं सोताची वाटी आणली. कधी दोन घास, कधी पूर्ण पोळी, कधी नुसतीच बसायची, मुंग्या पाह्यत. मी काई म्हणत नव्हतो, ती काई म्हणत नव्हती. तुमाले सांगतो, त्या घरात मले चांगलं वाटलं असे तेवढेच दहा मिनिटं असते दिवसातून. पण कोणती गोष्ट टिकते हो? आईनं खिडकीतून पाह्यलं! झालं! आईनं बाबाले बलावलं, बाबानं आत्याले, आत्या धापा टाकत आली, खिडकीत तिघांच्या तीन मुंड्या, एकावर एक.

आत्या म्हणे, "पाह्यलं? प्रफुलच्या हाताचा गुण! त्या दिवशी ओकली न, ते दोष बाहेर पडला!"

मी काई बोललो नाई... तोंडावर बोट ठेवून इशारा केला फक्त, का जा इथून, पोरगी पाह्यन. ताईले फोनवर सांगितलं तं ती हसली. बऱ्याच महिन्यानं हसली. आई-बाबाले तिनं पहिल्यांदा आवाज चढवून सांगितलं, "आता तिच्या ताटाजवळ कोणी जायचं नाई. ती ऋतिकजवळ जेवन."

अन् ऐकलं त्यांनी! मले वाटलं, चला, सुटलो. बाबा मले दुकानात बोलावून म्हणे, "हे पाह्य, तू रोज तिच्यासमोर जेवजो. काई बोलायचं नाई, काई करायचं नाई, बस खायचं. जमते न तुले?" म्हटलं, जमते. बाबा म्हणे, "हां. मले वाटलंच."

पण ते ऐकणारे लोक आहेत का? आईनं अभ्यास केला. तिले दिसलं, का मामा जेवते तोवर पोरगी बसते, मामा उठला का पोरगी उठते. मग? मग मामाले उठू कशाले द्यायचं! "ऋतिक, घे न अर्धी पोळी, तिच्यासाठी." "ऋतिक, भात घे, तुले पाहून ती भी खाते." बाबा दुकान सोडून दुपारी घरी, दुरून पाहाले, "खा बे, हळू हळू खा, लांबव." बाविसाव्या वर्षी मले जेवू घालून राह्यले! पॅन्टचं बटण लागत नाई माह्या. पोरगी पोट भरलं का सरळ 'झालं' म्हणते, हात धुते, खेळाले जाते, एकदम मोकळी... अन् मी तिथं ताट धरून, घामानं निथळत!

कालची गोष्ट. इलाचं झालं होतं, तरी बसली होती बाजूले, मुंग्यायले भाताचं शीत देत. आई आली, हातात पोळी, पोळीवर तूप. म्हटलं, "आई, नोको. खरंच. पोट भरलं माहं."

इला म्हणे, "आजी, मामाचं पोट भरलं."

आई म्हणे, "त्याले काय समजते!" अन् टाकली ताटात.

मी पोळीकडं पाह्यलं. इलानं माह्याकडं पाह्यलं. मग माह्या गुडघ्यावर हात ठेवला तिनं, अन् हळूच, आजीले ऐकू नाई जावं अशी, म्हणे,

"खाऊन घे मामा. हे लोक आयकत नाई."

खाल्ली.